गच्चीवरची लाल गोधडी

४ नोव्हेंबर १९८६

आजही बाकापर्यंतच. बागेतल्या टेकडीला पायऱ्या बासष्ट, बाक बाविसाव्या पायरीवर. श्रावणात छातीचं दुखणं झालं, त्याआधी थेट वर कठड्याशी जाऊन बिडी ओढायचो. डॉक्टर म्हणतात, रोज चढा. बाविसाव्या पायरीला छाती म्हणते — बस.

बाकावर शफीकभाई, शहागंजातले घड्याळवाले. "फकिराभाऊ, टेकडी कुठं पळून चालली का? बैठो."

बसलो. घरी येऊन बायकोला, साळूला सांगितलं — वर गेलो, टॉवेल हलवला, तुझी लाल गोधडी दिसली.

ठरलंच आहे तसं. मी वरून टॉवेल हलवायचा, तिनं तो बघून गच्चीवर गोधडी टाकायची. म्हणजे दोघांच्या जिवाला घोर नाय.

"दिसला की टॉवेल," साळू म्हणाली. कुणाचा दिसला देव जाणे!

७ नोव्हेंबर

बाक.

११ नोव्हेंबर

वाऱ्यानं टीव्हीची एरियल फिरली. गच्चीकडं निघालो. अठरा पायऱ्या, दोनदा टेकलो. वर दाराची कडी हालेना. गंजून चिकटलेली. हे दार मीच वेल्डिंग केलंय, चिकलठाण्याला स्वतःची शेड घेतली त्या साली. त्याचा आवाज मला पाठ. हातोडीनं ठोकल्यावर जे करकरलं, ते पावसाळ्यापासून न उघडलेलं दार.

खालून साळू: "कडी जरा कडकच हाय ती. मला बी रोज जोर लावावा लागतो."

गुडघे धरून उभी असली की तिचा आवाज असाच दबतो.

म्हणजे मी टेकडी चढत नाय, ही जिना चढत नाय. आणि रोज चहाला एकमेकांना सांगतोय — दिसलं! विचारावं, तर आधी माझीच चोरी उघडी. कडीला तेल घातलं. खाली आलो.

१४ नोव्हेंबर

शेडवरनं पाइप आणून जिन्याला कठडा बसवला.

"हे कशापायी?" साळू.

"माझ्यासाठी. दम लागतो."

पाइप तिच्या हाताच्या उंचीला लावलाय. तिनं त्यावरनं एकदा हात फिरवला.

२० नोव्हेंबर

चाळीस पायऱ्या. शफीकभाई बाकावरनं मोजत होते. "उतरना भी है, मियाँ, ध्यान ठेवा."

२९ नोव्हेंबर

बासष्ट.

वरून मकबरा, लांब दौलताबाद — लोक तेच बघत होते. मी मिनारापासून डावीकडं तिसरी गच्ची धरली. टॉवेल हलवला. बराच वेळ हलवला. मग गच्चीच्या भिंतीवर गोधडी पडली.

घरी आलो. साळू चहा गाळत होती. "दिसली का लाल गोधडी?"

"हिरवी व्हती."

तिचा हात थांबला. "मग आज खरंच चढलात."

"तू बी," म्हणलं.