दोन बरण्यांतली एकच जात

प्रिय आई,

नमस्कार. मी वेळेवर जेवते, हे आधीच सांगून टाकते.

कोळंबीचे लांबचे भाऊबंद, तांदळाच्या कणीएवढे. दोन बरण्यांत ठेवलेल्या त्यांच्या दोन नव्या जाती आम्ही प्रयोगशाळेतले जाहीर करणार होतो. लहान जातीतला एक मी बशीत वाढवला, तर शेवटची कात टाकून तो हुबेहूब दुसऱ्या बरणीतल्या मोठ्यांसारखा निघाला. आई आणि पिल्लू आम्ही वेगळ्या जातींत घातले होते. सरांचं तोंड उतरलं.

डोळे दाखवून आलीस का? दादा फोनवर विषय बदलतो.

आत्या म्हणायची ना, "ही आईवर गेलेलीच नाही." काल चष्मा शोधून दमले. आरशात पाहिलं तर तो कपाळावरच होता, आणि त्याखाली तुझा चेहरा.

तुझीच,
धाकटी