सावळाच्या शर्टाचं बटण

कोसोवो, १२ मार्च २००१

चि. चंदना हिस हेमादादाचे आशीर्वाद.

आईला सांग, माझी तब्येत चांगली आहे. बर्फ पडतो, पण संयुक्त राष्ट्रांनी आम्हा पोलिसांना जाड कोट दिलेत. नागलीची भाकर मात्र कुठे मिळत नाही. तिचा गुडघा कसा आहे? जव्हारच्या दवाखान्यात नेलंस का?

यापुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

इथं लढाईत लोकांना घरांतून हाकललं, कित्येकांना मारून पुरलं. आता देशोदेशीची माणसं ते खड्डे उकरतात, सापडलेले कपडे धुतात आणि ओळख पटावी म्हणून शाळेच्या हॉलमध्ये मांडतात. काल मी तिथं पहाऱ्यावर होतो. एक म्हातारी एकेक कपडा उलटा करून शिवण बघत होती. एका स्वेटरच्या कोपराशी तिचा हात थांबला. ते रफू तिचंच होतं. रडली नाही गं. नीट घडी घातली आणि पोटाशी धरून बसली.

मला आपला धाकटा भाऊ सावळा डोळ्यांपुढे दिसला. आपल्या पोशेऱ्यातून खाडीवर रेती काढायला गेला, तो परतलाच नाही, त्याला तीन वर्षं झाली. तो हरवल्याचा अर्ज मीच लिहिला. पोलीस असूनही अंगावरच्या कपड्यांपुढे मी ‘साधे’ एवढंच लिहिलं.

तो निघाला तेव्हा आईनं त्याच्या शर्टाचं बटण शिवून दिलं होतं. दोरा कुठल्या रंगाचा होता, तेवढं तिला विचार. का विचारतेस म्हणाली, तर दादाच्या कोटाचं बटण तुटलंय म्हणून सांग.

तुझा,
हेमादादा