चार नंबरच्या टॅक्सीचा वारस

१ ऑगस्ट, सकाळी ९

आजपासून रोजनिशी. आयुष्य मार्गाला लागतंय, तर त्याची कुठेतरी नोंद हवी.

अल्फोन्सोमामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता टॅक्सी बंद. आमच्या मिनोरी गावात टॅक्सीचे परवाने मोजून चार, त्यातला चौथा मामाचा. एकोणचाळीस वर्षं चालवली. ३० सप्टेंबरपर्यंत परवाना कुणाच्या तरी नावावर करायचा आहे. कुणाच्या ते मामा बोललेला नाही. बोलायची गरजही नाही. मी पंचवीस वर्षांचा, गाडी येते, आणि सध्या मोकळा. (सध्या म्हणजे मार्चपासून. जेनोवाच्या जहाजावर स्वयंपाकघरात माझं कुणाशी पटलं नाही. त्याआधी जर्मनीत आइस्क्रीमच्या दुकानात. तिथल्यांना माणसांची पारख नव्हती.) मामाला मूल एकच, मेना. ती आपे रिक्षातून लिंबं वाहते. म्हणजे प्रश्न मिटला.

दुपारी. टॅक्सीला कुणी हात लावायचा नाही अशी मामाची ताकीद. मामाला दवाखान्यात, न्हाव्याकडे वगैरे न्यायला सालेर्नो शहरातून भाड्याची छोटी पांडा गाडी आणली, दोन महिन्यांसाठी. चालवणार मी. ही माझी चाचणी आहे हे मी लगेच ओळखलं. मामाला तसं दाखवलं नाही.

३ ऑगस्ट

२८ तारखेला सालेर्नोला टॅक्सीवाल्यांची लेखी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय परवाना नावावर होत नाही. पुस्तक आणलं. तीनशे पानं. रोज बारा पानं, पंचवीस दिवस. हिशोब इतका सुंदर जुळला की त्या आनंदात आज वाचायचं राहिलं. उद्यापासून तेरा.

संध्याकाळी मेना आली. पुस्तक चाळत परीक्षेबद्दल काहीतरी सांगत होती. खाली बंदरात वॉटर पोलोची मॅच रंगात आली होती, त्यामुळे नीट ऐकलं नाही. पुस्तक नेऊ का म्हणाली. ने म्हटलं. लिंबं उतरवताना तिला रिकामा वेळ फार असतो.

५ ऑगस्ट

मामाला घेऊन सालेर्नोला निघालो. कापो द'ओर्सोच्या अरुंद वळणावर समोरून बस. तिथे उन्हाळ्यात नगरपालिकेचा माणूस असतो, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवी थाळी घेऊन. तो जेवायला गेला होता. (काय नोकरी आहे. दिवसभर उन्हात थाळी फिरवायची. माणसाने थोडी तरी स्वप्नं बघावीत.)

बस आली की लहान गाडीने मागे जायचं, असं इथे सगळे मानतात. मी थांबलो. तत्त्व म्हणून. बसचा ड्रायव्हर सबातीनो मामाचा जुना दोस्त. त्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, काय अल्फोन्सो, भाच्याला मागचा गिअर द्यायचा विसरलास का. बसमधले हसले. मामा हसला नाही.

मग मी मागे घेतली. पांडा तिरकी गेली आणि आरसा भिंतीला लागला. भाड्याच्या गाड्यांचं हे असंच, ऐन वेळी दगा. माझ्यामागे नऊ गाड्या, आणि शेवटी मेनाची आपे, तीस पेट्या लिंबांनी भरलेली. तिने आधी आपे मागे नेऊन रुंद जागी लावली. मग एकेका गाडीला हात करून मागे घालवलं. मग माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "सरक."

मी सरकलो. चाचणी माझी असताना तिने मध्ये पडणं बरं नव्हतं, पण बाईमाणसालाही कधी संधी दिली पाहिजे. तिने एका दमात दोन वळणं पांडा मागे नेली.

पुढे घाट उतरेपर्यंत मामा त्या आरशाकडे बघत होता. मग म्हणाला, "या रस्त्यावर पुढे बकऱ्यासुद्धा जातात, लेओ. गाडी मागे घेता आली पाहिजे."

डोळा ठणकत असावा.

९ ऑगस्ट

ठराव: रोज सकाळी अर्धा तास रिव्हर्सचा सराव. समुद्राकाठच्या पार्किंगमध्ये.

सकाळी १०. पार्किंग भरलेलं. ऑगस्टच आहे. ठराव सप्टेंबरात.

त्याऐवजी मामाच्या गॅरेजात जाऊन टॅक्सीत बसलो. हात लावायचा नाही म्हणाला होता, बसायचं नाही असं म्हणाला नव्हता. सीट मागे घेतली, माझे पाय लांब आहेत. आरसा माझ्या उंचीला लावला. पांढरी गाडी, दारावर निळा चार. आरशात बघून "कुठे जायचं, साहेब" असं तीन वेगवेगळ्या आवाजांत म्हणून पाहिलं. तिसरा चांगला.

१४ ऑगस्ट

पुस्तक परत मिळालं. पान एक वाचलं. समासात मेनाने पेन्सिलीने खुणा केल्यात. दुसऱ्याच्या पुस्तकात. इथूनच माणूस कळतो.

पान दोन उद्या. आज गावच्या बँडमध्ये मोठ्या पितळी बाजाला माणूस हवाय असं कळलं. हा वाजवणारा मुख्य असतो, बाकी सगळे त्याच्यावर चालतात. विचार करतोय.

१७ ऑगस्ट

बँडवाल्यांनी दगा दिला. आधी वाजवता आलं पाहिजे म्हणे.

मेना पुन्हा पुस्तक मागायला आली. काही बोलायचं होतं तिला, पण मी बँडबद्दल सांगत होतो आणि विषय लांबला. जाताना म्हणाली, म्हणजे तुझी हरकत नाही ना? म्हटलं, अजिबात नाही. पुस्तकाला हरकत कसली.

२३ ऑगस्ट

मामाचं माझ्यावाचून पान हलत नाही. आज न्हाव्याकडे नेलं. आणायला जायचं होतं, पण वाटेत फेरारा नावाचा जुना वर्गमित्र भेटला. त्याने जुनी स्कूटर घेतलीय, ती उघडून बसला होता. दोन तासांनी गेलो तर मामा नव्हता. एका डोळ्याने चालत घरी गेला होता. थांबायला काय झालं होतं?

२७ ऑगस्ट

उद्या परीक्षा, सकाळी ११ वाजता. तीनशे पानं एका दिवसात वाचायची तयारी ठेवली होती, पण पुस्तक मेनाकडे आणि मेना लिंबांच्या बागेत. तिथवर साडेतीनशे पायऱ्या. शिवाय रस्त्यांबद्दल पुस्तकाने मला काय शिकवायचं? मी इथेच जन्मलो.

उद्या परीक्षा झाली की तसाच मागे येऊन मामाला घेणार आणि चार वाजता सालेर्नोला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेणार. मामाने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, मामा, तुझं आता काळजी करायचं वय संपलं. तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. कौतुकाने.

२८ ऑगस्ट

सकाळी ८.४०. निघालो. हवा छान. भरपूर वेळ आहे.

९.०५. वाटेत चेताराला मच्छीमार विताले भेटला. बोट ओढून वर घेत होता, दोरीचं टोक दोन मिनिटं धर म्हणाला.

९.५५. दोरी सोडली. विताले म्हणाला, परवाही येशील का. हात चांगला आहे म्हणतो माझा. मच्छीमारीचाही विचार करायला हवा.

१०.२०. व्हिएत्रीच्या तोंडाशी दोन पोलीस. गाडी बाजूला.

ऑगस्टभर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, सम तारखेला सम नंबराच्या गाड्या या रस्त्यावर बंद. आम्हा गावकऱ्यांच्या गाड्यांना माफी आहे, त्यामुळे हा नियम आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही येत नाही. तो बाहेरच्यांचा त्रास. पण पांडा भाड्याची. शेवटचा आकडा सहा.

पोलीसबाईंना सांगितलं, मी मिनोरीचा.

"आणि गाडी?"

सालेर्नोची, म्हटलं.

"मग तुम्ही जा. गाडी राहू दे."

गेले सत्तावीस दिवस या पांडाला मी घरच्यासारखं वागवलं. तिच्या पाठीवर सहाचा आकडा होता आणि तिने एका शब्दाने सांगितलं नाही.

१०.३०. फोन करून टॅक्सी बोलावली. आयुष्यात पहिल्यांदा. टॅक्सीवाल्याच्या घरातला माणूस टॅक्सीत मागे बसतो, हे मला शोभत नव्हतं.

१०.५५. टॅक्सी आली. ड्रायव्हर दोनातो, मामाला ओळखणारा. कुठे निघालात विचारलं. परीक्षेला, म्हटलं. तो म्हणाला, अरे वा, मग आज तुमच्या घरातले दोघे. दुसरं कोण असेल? बहुतेक मामा. सही वगैरे करावी लागत असेल.

११.२५. दार बंद. शिपाई म्हणाला, पंचवीस मिनिटं उशीर. म्हटलं, चोवीस. ऐकलं नाही.

१२.३०. बाहेर पायरीवर बसलो होतो तर आतून मेना आली. कानावर पेन्सिल. लिंबांचे परवानेही याच इमारतीत मिळत असणार. मला बघून थबकली. आत का नाही आलास, असं विचारलं. मी तिला पोलीस, पांडा आणि सहाचा आकडा सगळं सविस्तर सांगितलं. तिने कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाली, लेओ, बाबांना चार वाजता कोण आणणार?

पांडा सहापर्यंत हलणार नव्हती. हे माझ्या ध्यानात होतंच.

मेना आपे काढून तडक मिनोरीला गेली. मी व्हिएत्रीला पांडाजवळ सहापर्यंत बसलो. साडेतीनला समोरून बस गेली. खिडकीत मामा, डोळ्यावर पट्टी, शेजारी मेना त्याचा दंड धरून; आपेत दोघं मावत नाहीत. मी हॉर्न दिला. मामाला त्या बाजूचं दिसत नाही अजून.

२९ ऑगस्ट

मामा काही बोलला नाही. हे चांगलं लक्षण. रागावला असता तर बोलला असता. परीक्षा नोव्हेंबरातही असते. मामा नगरपालिकेत शब्द टाकेल, थांबतील दोन महिने.

१३ सप्टेंबर, रविवार

लिहू की नको, असं झालंय.

मामीने लिंबाचा केक केला होता. डॉक्टरांनी पट्टी काढल्याबद्दल जेवण, असं मला वाटलं. जेवण झाल्यावर मामाने टॅक्सीची किल्ली टेबलावर ठेवली. मी हात पुसले. मामाने किल्ली मेनाच्या ताटाजवळ सरकवली आणि म्हणाला, हिचा निकाल लागला, चार नंबर हिच्या नावावर.

निकाल! कसला निकाल, असं मी विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आईनेसुद्धा मान खाली घातली. म्हणजे आईलाही माहीत होतं. मामीला, सबातीनोला, त्या दोनातोला, व्हिएत्रीपासून मिनोरीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्याचा गळा कापायचा त्याला सोडून.

मी मेनाला म्हणालो, माझ्या पुस्तकावर अभ्यास करून माझीच टॅक्सी घेतलीस. निदान सांगायचं तरी.

"तीनदा सांगितलं, लेओ. एकदा तू मॅच बघत होतास. एकदा बँडबद्दल बोलत होतास. तिसऱ्यांदा 'हो, हो' म्हणून बेकरीत केक आणायला गेलास."

केक आठवतोय. ती काय म्हणाली ते आठवत नाही.

मग मी मामाकडे वळलो. मी तुझा हक्काचा माणूस, महिनाभर तुला फिरवलं, असं बरंच बोललो. मामाने चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा अजून लाल आहे. म्हणाला, "मी न्हाव्याच्या दुकानाबाहेर तासभर उभा होतो. तू येशील म्हणून."

दोन तास होते ते. पण दुरुस्ती करायची ती वेळ नव्हती.

१४ सप्टेंबर

सगळ्यांशी अबोला. जेनोवाला परत जाणार. किंवा वितालेकडे मच्छीमारी.

१५ सप्टेंबर

वितालेने दुसरा माणूस घेतला. तू परवा येतो म्हणाला होतास, असं म्हणतो. ती परवा सोळा दिवसांपूर्वीची.

१८ सप्टेंबर

मामाने नगरपालिकेत शब्द टाकला. माझ्यासाठीच. कापो द'ओर्सोच्या वळणावर थाळी घेऊन उभं राहायचं, महिनाअखेरपर्यंत. मी ताडकन नाही म्हणणार होतो. पण मग विचार केला, या रस्त्यावर सगळ्या टॅक्सी, सगळ्या बसेस, पोलीससुद्धा, कोण पुढे जाणार आणि कोण मागे हे ठरवणार मी. टॅक्सीवाला काय, सांगतील तिकडे जातो.

ठराव: चार नंबर आली की लाल.

३० सप्टेंबर, दुपारी

आज कामाचा शेवटचा दिवस. आजच परवाना मेनाच्या नावावर झाला.

अकरा वाजता शेजारच्या मायोरी गावाकडून चार नंबर आली. चालवणारी मेना, शेजारी काळा चष्मा लावून मामा. त्याच वेळी दुसरीकडून सबातीनोची बस. बारा दिवस चार नंबर माझ्या पाळीत आलीच नव्हती. मी थाळी फिरवली. लाल. मागे जा.

बस थांबवता आली असती. तिच्यामागे कुणी नव्हतं.

मेनाने वाद घातला नाही. सीटच्या पाठीवर हात टाकून मान वळवली आणि दोन वळणं गाडी मागे घेतली, आरसा भिंतीला न लावता. मामा पूर्ण वेळ तिच्याकडे बघत होता. दोन्ही डोळ्यांनी.

बस गेली. मी हिरवी दाखवली. चार नंबर माझ्याजवळ येऊन थांबली. सीट पुढे सरकवलीय, आरसाही तिच्या उंचीला लावलाय. तिने खिडकीतून माझं पुस्तक दिलं. म्हणाली, नोव्हेंबरात परीक्षा आहे, पहिली चाळीस पानं सोपी आहेत. मागच्या सीटवर प्रवासी बाई होत्या, त्यांनी मला नमस्कार केला, वाटाड्याला करतात तसा. मामा म्हणाला, उन्हात टोपी घालत जा.

मग ती निघाली. वळणाशी पोचल्यावर लांब हॉर्न दिला. मी थाळी उंच करून हलवली, बराच वेळ.

मग आठवलं, त्या वळणावर सगळेच हॉर्न देतात.