कोपऱ्यातली पावलं

आश्विन शुद्ध ३, शके १८३३

आज उस्तादांनी पुन्हा पुसलं. सकाळपासून छापायच्या दगडावर काढलेलं सगळं! तूपवाल्याचा मार्का होता. मी गाय काढली, तिला वासरू काढलं, मागं बाभूळ, भोवती वेलबुट्टी. दस्तगीर उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बद्री, याला तूप विकायचंय का गोठा?" मग ओली वाळू घेऊन तोच दगड घासायला बसवलं. बोटं सोलली.

उलटी अक्षरं अजून वळत नाहीत. दगडावर उलटं काढायचं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. आरसा धरून बघतो. माझा 'घ' लंगडा येतो. साखरा इथं असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. महालक्ष्म्या उठल्या आणि मी नांदूरघाट सोडलं, तेव्हापासून तिचा आवाज कानावर नाही. बीडमध्ये माणसं लई, पण बोलायला कुणी नाही.

आश्विन शुद्ध ११

मार्का पसंत पडला. गाय गेली, वासरू गेलं, बाभूळ गेली. गळ्यातली घंटा तेवढी उरली. उस्ताद म्हणतात, बाजारात माणूस चालता चालता बघतो, त्याला थांबवायचं नाही. घरच्या बाईनं नुसतं सांगावं, घंटेचं तूप आणा — की झाली निशाणी.

मी त्यांना साखराच्या पावलांचं सांगून टाकलं. सांगताना लाज वाटली. महालक्ष्म्यांची पावलं घरात तीच काढते — पिठाच्या पाण्यात मूठ बुडवून जमिनीवर टेकवायची, वर बोटांनी टिकल्या. मी निघालो तेव्हा म्हणाली, "मला लिवल्यालं कळत न्हाई. चित्रं धाडा. अन् यायचं ठरलं की कोपऱ्यात पावलं काढा. म्हंजी मी समजून घेते."

उस्ताद हसतील वाटलं. हसले नाहीत. म्हणाले, "तुझी बायको या धंद्यात तुझ्यापुढं जाईल. पण याद राख. निशाणीचा अर्थ एकदा ठरला की मालकालासुद्धा बदलता येत नाही."

आश्विन वद्य ७

दिवाळीची रजा मिळाली. नेकनूरच्या बाजाराला जाणाऱ्या गाडीवाल्याजवळ चित्र दिलं. उस्तादांची दाढी, मी दगड घासतोय, खिडकीत कावळा. खाली कोपऱ्यात पावलं.

कार्तिक शुद्ध ४

गावाहून परत. अंगण लांबून दिसलं, आणि उंबऱ्यावर ती. वहिनीनं आल्या आल्या गाऱ्हाणं घातलं, "भावजी, पावलं आल्यापास्नं ही बया उंबरा सोडंना. पान्याला बी मीच जायचं!" मुंजाजी दादासुद्धा हसला. आई-आप्पांच्या माघारी त्यानं मला वाढवलं, पण त्याला हसताना मी फार कमी पाहिलंय. ढोरं, शेत, पुन्हा ढोरं.

मी साखराला म्हटलं, अगं, पाण्याला जाऊन आलीस तर मी काय पळून जातो? तर म्हणते, "मानूस वाट तुडवीत यायचं अन् दारात कुणी न्हाई. कसं वाटंल त्याला?"

निघताना ती रडली नाही. मी रडलो, वेशीच्या बाहेर आल्यावर. इथं कुणाला सांगणार, म्हणून इथं लिहिलं.

मार्गशीर्ष शुद्ध ९

प्लेग आला. केजकडच्या गावांत उंदीर पडायलेत म्हणतात. कचेरीतून काम आलंय — गावोगाव लावायला इश्तिहार. घर सोडा, माळावर झोपड्या घाला, उंदीर मेलेल्या घरात पाऊल टाकू नका. उस्तादांनी सगळं काम माझ्या अंगावर टाकलं. "वाचणारा गावात एखादा. तुझ्या चित्रानं बोललं पाहिजे."

घरची काळजी वाटते आणि कामाचा आनंदही होतो. दोन्ही एकदम. असा कसा मी!

मार्गशीर्ष शुद्ध १२

चित्र दगडावर चढलं. एक घर, दारात मेलेला उंदीर. घरातली माणसं वळकट्या घेऊन बाहेर पडलेली, म्हातारी पाठुंगळी, शेळी दाव्याला. पलीकडं माळ आणि झोपड्या. वेलबुट्टी नाही. बाभूळ नाही. प्रत्येक रेघ ओढताना मनात विचारलं, साखराला हे कळेल का? नाही वाटलं ते आपण होऊन पुसलं.

उस्ताद बघत राहिले. हात वाळूकडं गेलाच नाही! म्हणाले, "हे तुझं झालं. कारागिरानं कामावर आपली खूण टाकावी." माझी खूण कोणती? मला एकच येते. घराच्या खाली, कोपऱ्यात, मुंगीएवढी पावलं काढली. साखरा बघेल आणि ओळखेल कुणाचा हात आहे. गावभर सांगत सुटेल.

मार्गशीर्ष वद्य २

गठ्ठे गेले. नांदूरघाटचा मी माझ्या हातानं बांधला. नाक्यावर बंदोबस्त बसलाय. कागद जातात, माणसाला सोडत नाहीत.

एक इश्तिहार उस्तादांनी छापखान्याच्या भिंतीला चिकटवलाय. येणारा जाणारा बघतो. मीही बघतो.

मार्गशीर्ष वद्य १०

खबर नाही. अख्खं नांदूरघाट माळावर गेलं एवढंच ऐकलं. म्हणजे माझ्या चित्रानं काम केलं.

पौष शुद्ध ६

साखरा गेली.

पौष शुद्ध ८

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

नाका उघडल्यावर दादा चालत आला. डोकं उघडं, पायात वहाण नाही. मी दगड धूत होतो. म्हणाला, "साखरा गेली, बद्री." काखेत गाठ आली होती. अंगात ताप मावेना. शेवटी पाणी पाणी करत होती.

मी विचारलं, सगळे माळावर गेलतात ना? म्हणाला, "गेलतो." मग ही कुठं होती? "घरात." एकटी? "एकटीच. मी हाताला धरून न्यायचो, ती माघारी पळायची. लई समजावलं रं." कावून? कावून राहिली ती घरात? दादानं वर पाहिलं नाही. "काय म्हाईत. बोलली न्हाई तसं काय."

बोलली नाही! साखरा आणि बोलली नाही! उंदीर मेलेल्या घरात शहाणं माणूस बसतं का? माझ्या मनात एकदम आलं — बियाणं. माळवदाखाली बियाण्याची पेवं आहेत, माळावर चोरट्यांचं भय. घर राखायला कुणीतरी हवं होतं. सख्खी बायको माळावर आणि भावाची बायको राखणीला! मी ते बोललो. ओरडून बोललो. याच्याहून वाईट बोललो, ते इथंही लिहवत नाही.

दादा भिंतीवरच्या माझ्या इश्तिहाराकडं बघत बसला. मग उठून गेला. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला.

पौष वद्य १

उस्तादांनी भिंतीवरचा इश्तिहार उतरवला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, जुना झाला.

पौष वद्य ५

भाकरी गिळवत नाही. घंटेच्या तुपाचा डबा दुकानात दिसला आणि भर बाजारात रडू आलं. तिनं हा मार्का पाहिलाच नाही. दिवाळीत दाखवायचा राहून गेला, बोलण्यात वेळ गेला.

माझ्या डोळ्यांपुढं उंबरा येतो, आणि ती. तिला एकटीला तिथं कुणी बसवलं, याचाच विचार. झोपेतही तोच.

पौष वद्य ११

उस्ताद म्हणाले, "भावाशी तोडू नको, बद्री. त्याचंही काही असेल." म्हटलं, त्याचं बियाणं असेल. उस्तादांनी भिंतीवर इश्तिहार होता तिथं पाहिलं. मग उगाच शाई ढवळीत राहिले.

माघ शुद्ध ७

कचेरीला आता चोपडी हवीय. प्लेगात काय करावं, काय करू नये, पानोपान चित्रं. दुष्टपणानं का होईना, हाताला बळ आलं.

एका पानावर 'असे करू नये' आहे. तिथं मी घर काढलं. दारात एक बाई, तापानं भिंतीला टेकलेली. आणि तिच्याकडं पाठ करून धान्याचं पोतं नेणारा एक माणूस. त्याला तोंड दिलं. पसरट नाक, डाव्या भिवईत ढोराच्या शिंगाचा वण. उस्ताद म्हणाले, "तोंड कशाला काढलंस? माणूस नुसता माणूस ठेव." हो म्हटलं. त्यांची पाठ वळताच तसंच ठेवलं. उस्तादांनी मुंजाजी दादाला पाहिलंय, पण एकदाच, तेही ओझरता. त्यांना काय कळणार?

या वेळी खूण टाक म्हणाले नाहीत. मीही टाकली नाही.

माघ वद्य ४

चोपड्या गेल्या. नांदूरघाटचा गठ्ठा याही वेळी मीच बांधला. गाठ घट्ट मारली.

बरं वाटेल वाटलं होतं.

फाल्गुन शुद्ध २

नांदूरघाटचा एक गाडीवान भेटला. म्हणाला, आपल्या गावात त्या चोपडीला लई गिऱ्हाईक हाय बे, पोरं मुंजाजीमागं पोतं पोतं म्हणत फिरतात. मी म्हटलं, असं का. आणि घाईनं निघून आलो.

साखरा, तुझा सूड झाला. मग मी त्या गाडीवानापुढून पळालो कशाला?

फाल्गुन वद्य ३

गावाकडली शेजारीण भामाबाई आज छापखान्यात आली. चोपडी पदराखाली धरलेली. बसली नाही, पाणीही घेतलं नाही. म्हणाली, "बद्री, मुंजाजीनं आमा समद्यांला शपत घातलीती, बद्रीला कळू देऊ नगा म्हनून. पन आता लोक त्याच्या दारात थुकायलेत. मला ऱ्हाववंना. तुज्या कागदाचा कोपरा साखरानं मला बोटानं दावला. म्हनली, मावशे, पावलं आलीत, मानूस वाटंला लागलंय. आता मी उंबरा कशी सोडू?"

मी विचारलं, दादाला हे ठाऊक होतं?

"त्यालाच तर पयलं सांगितलं तिनं."