वळणावरची तार

प्रिय दादा,

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी वरच्या तारेतून वीज घेणारी आमची ट्रॉलीबस आपल्या घरासमोरचं वळण घेऊन चढ चढली आणि छतावरचे दांडे तारेवरून तसूभरही सुटले नाहीत! हे आधी सांगून टाकते, नाहीतर मला धीर धरवणार नाही.

तू म्हणशील, एक बस वळली, त्यात काय एवढं. अरे, या वळणाने मला दोन महिने रडवलंय. वरच्या वस्तीपर्यंत मार्ग आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी आपली शहाणी, नकाशावर पट्टी ठेवून तार रस्त्याच्या बरोब्बर मधोमध ओढली. चाचणी दोनदा झाली, दोन्ही वेळा दांडे निसटले, वीज गेली, बस वळणातच अडकली आणि मागे गाड्यांची ही रांग. साहेबांनी सांगितलं, आणखी एक संधी; नाही जमलं तर मार्ग खालच्या चौकातच संपवायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचे ड्रायव्हरकाका मात्र हसत होते. बस कागदावर वळत नाही, ताई, म्हणाले. त्यांनी तेवढ्याच लांबीच्या डिझेल बसच्या पुढच्या चाकापाशी चुन्याच्या पाण्याचा गळका डबा बांधला आणि वळण घेऊन दाखवलं. मागचं चाक फुटपाथवर चढू नये म्हणून ते बस आधी बाहेर काढतात, मग वळवतात. पांढरी रेघ पार आपल्या पायरीला घासून गेली होती. म्हणजे तारही तिथेच हवी. खांबाला जागा नाही, तेव्हा ती ओढून धरायला हूक हवा, तो भिंतीत. आणि भिंत कुणाची, तर बाबांची!

साधा खिळा ठोकला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. मुलगी म्हणून गेले असते तर दारातूनच वाटेला लावलं असतं, म्हणून रीतसर ऑफिसचा अर्ज दिला. चार दिवस हूं नाही की चूं नाही. पाचव्या दिवशी स्वतः शिडीवर चढून त्यांनी पक्क्या दगडावर पेन्सिलीने खूण केली आणि फिटरला ड्रिल कसं सरळ धरायचं ते शिकवत बसले.

आज पहिल्या बसमध्ये ते पुढच्याच सीटवर होते. दार किती रुंद आहे, पायरी किती खाली येते, सारखं विचारत होते. चाकांची खुर्ची आत जाते, असं मी सांगितलं, तर उठून स्वतःच्या वितीने दार मोजून आले. तुझ्या अपघातानंतर तू म्हणालास, या चढावर खुर्ची चढत नाही, हे घर विकून खाली राहू. ते म्हणाले, विकणार नाही. आणि तू निघून गेलास. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण तुम्ही दोघंही दगडच. सात वर्षं मी मधल्यामधे रडले, रे. आज उतरताना माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “त्याला लिही. म्हणावं, आता कुणी उचलून आणायला नको.” स्वतः ते काही लिहायचे नाहीत, म्हणून मी लिहितेय. बस दर वीस मिनिटांनी आहे. ये.

तुझीच,
खटपटी