डोळ्यामागची कळ

प्रिय बाबा,

तुम्ही गेलात त्याला वर्षं झाली, आणि आता तुमची डोकेदुखी माझ्याकडे आलीय. तशीच, एकाच डोळ्यामागे. डोळा गळतो, एका जागी बसवत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही अर्धशिशी नव्हे. अर्धशिशीत माणूस अंधारात पडून राहतो, यात येरझाऱ्या घालतो." त्यांनी मास्क लावून ऑक्सिजन दिला, तशी कळ ओसरली.

आईची मात्र अर्धशिशीच. म्हणून ती तुम्हालाही पडदे ओढून निजवायची, आणि तुम्ही तिचा हात झटकून बाहेर निघून जायचात.

घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे ते मला कंटाळून जात नव्हते."

"नाही गं आई."

"आता तुझं दुखायला लागलं की सांग. मीपण चालेन तुझ्याबरोबर."

तुमची,
धाकटी