महिपतीच्या नाकातला हरभरा

अंबरनाथ,
श्रावण, १९५१

तीर्थरूप सौ. आईच्या पायी अंजनीचा नमस्कार.

आम्ही सगळी बरी आहोत. चंद्री आता रांगते आणि दिसेल ते तोंडात घालते. तिच्या तोंडातून काढेपर्यंत महिपतीने काहीतरी करून ठेवलेलं असतं. मला मात्र बसून जेवायला मिळत नाही.

परवा महिपतीने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला. मी काढायला गेले तर तो आणखी वर सरकला. पोर घाबरून रडायला लागलं. हे कारखान्यात गेलेले. मी त्याला उचलून शेजारच्या सिंधी सतीबाईंकडे धावले. त्यांनी त्याची मोकळी नाकपुडी दाबली, तोंडाला तोंड लावलं आणि जोरात फुंकर मारली. दाणा टुणकन बाहेर! लबाड हसून म्हणतो कसा, "अजून!"

मीही हसले, पण सतीबाईंचे डोळे वाहत होते. "मेरा भी इतना ही था," म्हणाल्या. कराचीहून बोटीने येताना त्यांचा मुलगा तापाने गेला. आम्ही रोज बोलतो गं, पण हे मला ठाऊक नव्हतं.

मी चंद्रीलाही आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, "बाई, मला भाकऱ्या करायच्यात. जरा दोघांना बघाल?"

भाकऱ्या केव्हाच झाल्या होत्या, तरी दुपार टळेपर्यंत मी पोरांना आणायला गेले नाही.

बाबांचा खोकला कसा आहे? दादाचा सखा चालायला लागला का? माझी काळजी करू नकोस.

तुझी लेक,
अंजनी